खालच्या पट्टीतला आवाज

प्रिय धाकट्या,

कन्व्हर्टरची पेटी पोचली, अगदी धडधाकट. तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून, वर उशीचा अभ्रा चढवून, त्याला सुतळीने आवळून तू ती पाठवलीस, तेव्हा चिमणीला आधी वाटलं की मामाने मांजर पाठवलंय. गाठी सोडवताना तिचं एक नख तुटलं. अशा गाठी मारायला तुला कुणी शिकवलं देव जाणे, आईने तर नक्कीच नाही. आतली चिठ्ठी वाचली. कपॅसिटर बदललेत, घरघर गेली, आणि आता ताई तू ऑपरेशनचं मनावर घे. एका ओळीत दोन कामं उरकायची तुझी सवय काही जात नाही.

घरघर खरंच गेली रे. ती मला फार छळत होती. मला आता जे काही ऐकू येतं ते सगळं खालच्या पट्टीतलं, आणि ती घरघर नेमकी तिथेच, तुझ्या आवाजाच्या शेजारी, पाय पसरून बसायची. पेटी तुझ्याकडे धाडण्याआधी मी चिमणीला हेडफोन लावून दाखवला, तर तिने पाटीवर लिहिलं की थोडंसं गुणगुणतंय खरं, पण त्यात काय एवढं. तिला वरचं सगळं ऐकू येतं, तिला त्या थोड्याशाचं काय होय! मला ते अर्धं जग होतं. असो. काम छान केलंस. झाकण उघडून पाहिलं, डाखही नीटस आहेत. फक्त एक स्क्रू वेगळ्याच जातीचा लावलायस, तो माझ्या नजरेतून सुटला असं समजू नकोस.

या पेटीवरून आपण किती भांडलो, आठवतं? परवा इस्पितळात कान तपासणाऱ्या मुलीलाही मी सांगत होते. म्हटलं, बाई, रेकॉर्डिंग म्हणजे शेवटी नुसते आकडे. कानाला आकडे ऐकू येत नाहीत. त्या आकड्यांचा परत आवाज करायचा तर मध्ये एक कन्व्हर्टर लागतो, आणि माझा भाऊ जन्मभर जुने कन्व्हर्टरच दुरुस्त करत बसलाय. त्याचं म्हणणं, जुन्यात प्रत्येक आकडा सरळ तोलून त्याचा आवाज होतो, नवे म्हणजे सगळी चलाखी. माझं म्हणणं, नव्यांत खरखर कमी, चूक कमी, आणि मीटरवर दिसतं ते खरं. माझी सगळी नोकरी रेडिओच्या स्टुडिओत झाली. मला गोडवा वगैरे शब्द ऐकले की चीड यायची. तू यायचास, माझ्या टेबलावरच्या नव्या पेटीकडे कुणी परका पाहुणा बसल्यासारखं बघायचास, आणि म्हणायचास, ताई, हिच्यात जीव नाही. मी म्हणायचे, जीव माणसात असतो, पेटीत वीज असते.

आणि ती परीक्षा! चिमणी तेव्हा शाळेत होती. तिला दोन्ही पेट्यांमागे बसवलं, पुढे चादर टांगली, आणि आपण दोघं भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर बसलो. ती मधूनच बदल करायची आणि आपण कागदावर लिहायचं, कुठली बरी वाटली. शेवटी बघतो तर तूसुद्धा जवळजवळ दर वेळी नवीच निवडली होतीस. तुझं तोंड असं उतरलं की मला जिंकल्याचा आनंदही धड घेता आला नाही. तू जेवायला थांबला नाहीस. दुसऱ्या दिवशी मी सहज मीटर लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. नवी पेटी जुनीपेक्षा अर्धा डेसिबल मोठी वाजत होती. एवढासा फरक मोठा म्हणून कळत नाही, बरा म्हणून कळतो, हे आपण दोघांनीही शिकाऊ पोरांना शेकडो वेळा सांगितलेलं. एक रेडिओतली रेकॉर्डिस्ट, एक कन्व्हर्टरचा डॉक्टर, आणि आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यायची हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही! मग तुला बोलावून, पातळी सारखी करून पुन्हा बसलो, तर दोघांचीही उत्तरं नाणं उडवल्यासारखी. चादरीमागून चिमणीने विचारलं, मग तुम्ही इतकी वर्षं भांडताय कशावरून? आपण दोघंही तिच्यावरच ओरडलो.

तेव्हा दोन्ही कान शाबूत होते म्हणून ही चैन. पुढे तो ताप आला आणि उजवा कान एका आठवड्यात गेला. डावा मात्र हळूहळू, वरून खाली असा उतरत गेला. आधी किटलीची शिट्टी गेली. मग पाखरं गेली, मग दाराची घंटा. मग बोलण्यातले 'स' आणि 'श' गेले, आणि सगळी माणसं बोबडी झाली. गाण्यातल्या बायका गेल्या, सारंगी गेली, व्हायोलिन गेलं. शेजारच्या घरातलं गाणं भिंतीतून कसं ऐकू येतं, नुसता ठेका आणि घुमल्यासारखं काहीतरी, तसं मला माझ्याच खोलीत ऐकू यायला लागलं. कानामागे लावायचं साधं यंत्र घेऊन पाहिलं, पण जे उरलंच नाही ते मोठं करून काय उपयोग? चिमणीचा आवाज कधी गेला ते मला नेमकं सांगताही येणार नाही. लहानपणापासून तिचा आवाज बारीक, म्हणून तर आपण तिला चिमणी म्हणतो. एक दिवस लक्षात आलं की मी तिच्या ओठांकडे बघतेय आणि ती पाटी शोधतेय.

लोकांना वाटतं बहिऱ्या माणसाला शांतता मिळते. शांतता कसली, कंटाळा मिळतो! पाटीवर माणूस कामापुरतंच लिहितो. गोळी घेतलीस का. गॅसवाला येणार आहे. मी उशिरा येईन. पूर्वी आमची भांडणं कशी व्हायची ते तू पाहिलंयस. तिच्या लग्नावरून, मोडलेल्या लग्नावरून, तिच्या नोकरीवरून, ओल्या टॉवेलवरून. दोघींच्या तोंडाचा पट्टा सुटला की तू चप्पल घालून बाहेर जाऊन बसायचास. ती सगळी भांडणं संपली. लिहून भांडता येत नाही रे. पहिलं वाक्य लिहून होईपर्यंत राग निवतो, आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत आपल्यालाच लाज वाटते. बाहेरचे लोक म्हणतात, मायलेकींचं किती छान जमतं. मी मान डोलावते.

आणि मग तू. पंधराव्या वर्षी तुझा आवाज फुटला तेव्हा आईने स्वयंपाकघरातून हाक मारून विचारलं होतं, बाहेर कोण गृहस्थ आलेत म्हणून. तुला केवढा राग आला होता! तोच आवाज आज माझ्या कामाला आला. सगळे एकेक करून गेले आणि शेवटी माझ्या कानात माणसाचा म्हणून ओळखता येईल असा एकच आवाज उरला, तो तुझा. शब्द नाही कळत. शब्दांसाठी तू खाली टाईप करून पाठवतोस ते वाचते. पण तू कुठे श्वास घेतोस, कुठे हसू दाबतोस, मला रागवायचं असलं की कसा आधी खाकरून घेतोस, ते सगळं ऐकू येतं. दर रविवारी तुझा निरोप आला की मी दार लावून घेते, हेडफोन लावते आणि मजकूर न वाचता आधी नुसता ऐकते. मग वाचत वाचत ऐकते. मग पुन्हा नुसता.

हे ऐकायला मी तुझी जुनी पेटी वापरते हे तुला माहीत आहे, आणि त्यावरून तू मनातल्या मनात नाचत असशील. जरा थांब. मी परीक्षा घेतली होती, या वेळी पातळी सारखी करून. चिमणीला बदल करायला बसवलं, तुझाच एक निरोप घेतला, तो तुझ्या घराच्या गळक्या छताचा. मला काडीचाही फरक कळला नाही. पाटीवर निकाल वाचून चिमणी हसली. तरी मी नवी पेटी कपाटात ठेवली आणि तुझी टेबलावर. का, तर ती तापते. ऐकताना मी तिच्यावर हात ठेवून बसते. मला हे कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला स्टुडिओबाहेर काढलं असतं.

आता ऑपरेशनचं. तू गेले कित्येक रविवार माझ्यामागे लागलायस, चिमणी तर वर्षभर. दोघांनाही वाटतं म्हातारीला भीती वाटते, किंवा हट्ट आहे. तर सविस्तर सांगते. कानाच्या आत तो शंख असतो, त्यात एक बारीक तार सरकवतात. बाहेर कानामागे एक छोटं यंत्र. ते आवाज पकडतं, त्याचे आकडे करतं, ते आकडे आत पाठवतं, आणि त्या तारेवरच्या वीस-बावीस टिकल्या मज्जातंतूला विजेचे टोले देतात. ती मुलगी चित्र काढून हे समजावत होती आणि मी हसायला लागले. म्हटलं, हा तर कन्व्हर्टरच झाला, तोही नव्यातला नवा! जन्मभर नव्याची बाजू घेतली, आता तो डोक्यातच बसवून घ्यायचा. पण मला पेशाची खोड. मी विचारलं, चांगल्या कानात ऐकणाऱ्या पेशी हजारोंनी असतात, आणि तुम्ही बावीस टोल्यांत काय काय बसवणार? तिने प्रामाणिकपणे लिहिलं की बोलणं बसतं, सरावाने कळायला लागतं. संगीताचं मात्र वचन देत नाही. मी म्हटलं, त्यातून कसं ऐकू येतं त्याचा नमुना असेल ना? होता, पण तो मी ऐकणार कशी! म्हणून चिमणीला ऐकवला. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने लिहिलं, पत्र्याच्या डब्यात कुणीतरी बोलतंय असं वाटतं, सगळ्यांचे आवाज सारखेच. आणि मग ती पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने बाहेर गेली.

मी डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारला तो ती बाहेर असताना. माझ्याकडे खालचं थोडं ऐकू येणं उरलंय, त्याचं काय? ते शांतपणे बोलणारे गृहस्थ आहेत, कागदावरही शांतपणे लिहितात. तार आत जाताना उरलेल्या पेशी बहुधा टिकत नाहीत. आम्ही जपून करू, पण त्या राहतील असं धरून चालू नका. मी म्हटलं, मग उजव्या कानात घाला, तो तसाही रिकामाच आहे. तर त्या तापाने उजवा शंख हाडाने भरून गेलाय, तिथे तारेला वाटच नाही. म्हणजे जे करायचं ते डाव्यालाच.

आता कळलं तुला? हे मी चिमणीला सांगितलं नाही आणि तुलाही नाही. तुला तर कसं सांगणार होते? तू दर रविवारी खाकरून घ्यायचास आणि म्हणायचास, ताई, हट्ट सोड, कर ते ऑपरेशन, आता काय उरलंय त्या कानात. काय उरलंय ते तूच सांगत होतास रे, त्याच आवाजात. मी ऐकायचे, मजकूर वाचायचे, आणि तुला उत्तर म्हणून छताचं काय झालं ते विचारायचे. किती तरी वेळा वाटलं, नको ते ऑपरेशन. पाटीवर दिवस चाललेत ते चालू देत, रविवारपुरतं माझं भागतंय. खरंच भागत होतं. हे तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही.

मग गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, दिवे लागलेले. मी स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी निवडत होते आणि चिमणी माझ्या पाठीमागे भांडी लावत होती. समोरच्या खिडकीच्या काचेत सगळी खोली दिसत होती. सहज मान वर केली तर काचेत चिमणी बोलत होती. आधी वाटलं फोनवर असेल. पण फोन टेबलावर माझ्यासमोर पडला होता. ती माझ्या पाठीकडे बघून बोलत होती. हात हलवत होती, बोट दाखवत होती, मध्येच भांडं आपटत होती, आणि तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटला होता की मला एकदम वीस वर्षांपूर्वीची चिमणी दिसली. ती माझ्याशी कडाकडा भांडत होती, धाकट्या. मी मागे वळले, तर तिने झटकन तोंड मिटलं आणि गोड हसून पाटीवर लिहिलं, चहा करू?

मी चहा कर म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून काचेवर लक्ष ठेवलं. ती रोज बोलते. कधी रागाने, कधी नुसतंच दिवसभरात काय झालं ते सांगितल्यासारखं, आणि एकदा तर रडत. इतकी वर्षं मी समजत होते की आमच्याकडे भांडण संपलं. संपलं नव्हतं. ती एकटीच भांडत होती, आणि मला उत्तर द्यायला सुद्धा जागा नव्हती. तिला चाळिशी लागली रे. मी अजून किती वर्षं आहे? माझी पोर माझ्या पाठीशी बोलतेय आणि मी भाजी निवडतेय, हे मला सोसवेना. पत्र्याच्या डब्यातून का होईना, सगळ्या जगाच्या आवाजात मिसळलेला का होईना, मला तिचा शब्द न् शब्द ऐकायचाय. आणि मग चांगलं खणखणीत उत्तर द्यायचंय. ते मी काचेतल्या चिमणीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिच्या वर्षभराच्या विनवण्यांना यश आलं.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ते होऊन गेलेलं असेल. जखम भरल्यावर, साधारण महिन्याभराने, बाहेरचं यंत्र जोडून चालू करणार आहेत, तेव्हा तू ये. माझ्यासमोर बैस आणि बोल. तू समोर दिसशील म्हणून मी ओळखल्यासारखं करीन, ते खरं धरू नकोस. पाठीमागे जाऊन बोल, आणि मला नाही ओळखता आलं तर तोंड पाडू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोल. ती मुलगी म्हणाली की नवा कान शिकवावा लागतो, आणि शिकवायला ओळखीचं माणूस लागतं. रविवारचा तुझा निरोप कालच आलाय. मी तो ऐकलेला नाही, खालचा मजकूरही वाचला नाही. आधी ऐकलेलं असलं की डोकं स्वतःच गाळलेल्या जागा भरतं आणि परीक्षा खोटी होते, म्हणून तो नव्या कानासाठी कोरा ठेवलाय, असं मी चिमणीला सांगितलं. ते खरंही आहे. पण तुझ्यापाशी कशाला लपवू? काल दोनदा हेडफोन लावला आणि दोनदा काढून ठेवला. फोन न करता हे पत्र लिहायला बसले तेही त्याचमुळे. फोन केला असता तर तू बोलला असतास. आणि धाकट्या, तू नुसतं ताई म्हणाला असतास ना, तरी मी उद्या गेले नसते.

तुझीच,
ताई